एक क्षण जास्त

विम्बल्डनच्या हिरवळीवर ज्या फटक्याला प्रेक्षक टाळ्या देऊन मोकळे होतात, तोच फटका रोलाँ गारोसच्या लाल कोर्टवर पडला की पुष्कळदा परत येतो. टप्पा घेताना चेंडू विटांच्या बारीक चुऱ्यात घासला जातो, त्याचा पुढे जाण्याचा वेग मरतो आणि गवतावर उसळला असता त्याहून तो वर उसळतो. समोरच्याला त्यामुळे मिळणारा वेळ म्हणजे सेकंदाचा अगदी लहानसा तुकडा. पण तेवढ्यात एक पाऊल जास्त पडतं, घसरत का होईना रॅकेट चेंडूपर्यंत पोचते आणि संपला असं वाटलेला गुण पुन्हा सुरू होतो. मारणाऱ्याला तोच गुण दुसऱ्यांदा जिंकावा लागतो. कधी तिसऱ्यांदा, कधी पाचव्यांदा.

मला इथे होणाऱ्या फ्रेंच ओपनची ओढ आहे ती ह्या तुकड्यापायी. टेनिस बघणाऱ्या माझ्या बहुतेक मित्रांचा जीव विम्बल्डनमध्ये. ते पांढरे कपडे, ती शांतता, ती परंपरा. त्याबद्दल माझं काही म्हणणं नाही. पण मे महिन्याच्या अखेरीस, दुपारी अडीच वाजता, म्हणजे पॅरिसमध्ये सकाळचे अकरा वाजतात तेव्हा, मी पडदे ओढून टीव्हीसमोर बसतो आणि पुढचे दोन आठवडे घरातल्या कुठल्याही कामाला फारसा उपयोगी पडत नाही. आपल्याकडे हे दिवस उकाड्याचे, आभाळाकडे बघण्याचे. अंतिम सामने होतात ते बहुधा मृग लागायच्या सुमारास.

ज्याला आपण लाल माती म्हणतो तिचा वरचा थर विटांचा आहे, आणि तो जेमतेम एकदोन मिलिमीटर जाडीचा असतो. खरं कोर्ट त्याच्या खाली असतं. उभा छेद घेतला तर जवळपास ८० सेंटिमीटर खोलीपर्यंत थर लागतात: तळाला दगड, त्यावर खडी, मग भट्टीतली जळकी कच, त्यावर चुनखडीच्या दगडाचा पांढरा बारीक चुरा, आणि सगळ्यात वर ही लाली. पाय टेकतो तो पांढऱ्या थरावर. लाल चुरा पाय घसरू देतो आणि रंग देतो. चुनखडी पाणी धरून ठेवते म्हणून वरचा चुरा जागेवर राहतो. दिवसातून कितीदा तरी तिथे पाणी मारतात. सेट संपला की माणसं रुंद जाळ्या ओढत गोल गोल फिरतात, रेषा झाडणारे रेषा झाडतात. टीव्हीवाले बहुतेक त्याच वेळी जाहिराती लावतात, ह्याचा मला मनापासून राग आहे.

ह्या कोर्टच्या जन्माची एक कथा नेहमी सांगितली जाते. विल्यम आणि अर्नेस्ट हे रेनशॉ बंधू विम्बल्डन गाजवणारे इंग्रज खेळाडू. १८८० च्या सुमारास ते फ्रान्सच्या दक्षिण किनाऱ्यावर, कानला खेळायचे. तिथल्या उन्हात गवत टिकेना. जवळच्या वालोरीस गावात कुंभारकाम मोठं. तिथली बिघडलेली, फुटकी मातीची भांडी दळून त्यांचा चुरा त्यांनी गवतावर पसरला. पुढे भांड्यांच्या जागी विटा आल्या. ज्या भांड्यांना गिऱ्हाईक मिळालं नाही त्यांच्यावर हा सगळा खेळ उभा राहिला, हे मला फार आवडतं.

माझं स्वतःचं टेनिस मुरमाच्या कोर्टवरचं. आमच्या जिमखान्यात मार्करकाका होते. उन्हं कलायच्या आत ते पाइप घेऊन पाणी मारत, मग रोलर फिरवत, ओलं गोणपाट ओढत आणि शेवटी दोरी धरून फक्कीच्या रेषा मारत. पाणी पुरतं मुरल्याशिवाय कोणाला कोर्टवर पाय ठेवू देत नसत. मग तो जिमखान्याचा सेक्रेटरी असला तरी. पावसाळ्यात कोर्ट बंद व्हायचं आणि ऑक्टोबरात पुन्हा घडवलं जायचं. आमचा मुरूम आणि पॅरिसचा विटांचा चुरा ह्यांत फरक पुष्कळ. मुरूम कडक असतो, त्यावर इतकं घसरता येत नाही. पण चेंडूचा ठसा तिथेही उमटायचा, संध्याकाळी मोजे तिथेही तांबडे व्हायचे, आणि कोर्ट हे रोज करावं लागतं ही गोष्ट मी तिथे शिकलो. आता बहुतेक ठिकाणी सिंथेटिक कोर्ट आली. पाणी नको, रोलर नको, माणूस नको. ह्या कारणांशी भांडता येत नाही. तरी मला वाटतं की शिकणाऱ्या मुलांसाठी प्रत्येक जिमखान्याने एक तरी मुरमाचं कोर्ट राखावं. स्पेनमधली मुलं लहानपणापासून मातीवर वाढतात. तिथे एका फटक्यात गुण मिळत नाही हे त्यांच्या पायांना आधी कळतं आणि डोक्याला नंतर. चेंडू कुठे टाकला की समोरचा कुठे सरकेल, मग मोकळी जागा कुठे होईल, हा तीनचार फटक्यांचा विचार मातीवरच अंगात भिनतो.

म्हणूनच ज्यांच्याजवळ तो एक भेदक फटका होता त्यांतल्या कितीतरी मोठ्या खेळाडूंना ह्या कोर्टने रिकाम्या हाताने परत पाठवलं. पीट सॅम्प्रसने चौदा ग्रँड स्लॅम जिंकल्या, पण इथे तो १९९६ च्या उपांत्य फेरीपुढे कधी गेला नाही. जॉन मॅकेन्रो १९८४ च्या अंतिम सामन्यात इव्हान लेंडलविरुद्ध दोन सेट पुढे होता आणि हरला. बोरिस बेकरला तर आख्ख्या कारकिर्दीत मातीवरची एकही एकेरी स्पर्धा जिंकता आली नाही. उलट ख्रिस एव्हर्ट बघा. फ्लोरिडातल्या सार्वजनिक कोर्टवर वडिलांच्या हाताखाली ती मातीवरच शिकली. १९७३ च्या ऑगस्टपासून १९७९ च्या मेपर्यंत ती मातीवर ओळीने १२५ सामने जिंकली. पॅरिसमध्ये सात वेळा विजेती झाली. तिच्या खेळात चमकदार असं काही नव्हतं असं म्हणणारे लोक मला भेटतात. बेसलाइनवर उभं राहून त्याच खोलीचा, त्याच वजनाचा चेंडू पुन्हा पुन्हा टाकत राहणं, आणि मार्टिना नवरातिलोवासारखी खेळाडू नेटकडे धावून येत असताना मनगट न कापू देणं, ह्याहून चमकदार काय असतं? १९८५ चा त्या दोघींचा अंतिम सामना एव्हर्टने तिसऱ्या सेटमध्ये ७-५ असा घेतला. महिलांच्या टेनिसमधला माझ्या मते तो सर्वांत सुंदर सामना.

पण ह्या मातीवरचा एकच सामना निवडायचा झाला तर मी ५ जून १९८९ चा निवडेन. चौथी फेरी. एका बाजूला जगात पहिल्या क्रमांकाचा लेंडल, ही स्पर्धा तीनदा जिंकलेला. दुसऱ्या बाजूला सतरा वर्षांचा मायकेल चँग, चिनी वंशाच्या आईवडिलांचा अमेरिकन मुलगा. बीजिंगमध्ये तिआनमेन चौकातल्या गोळीबाराला जेमतेम दिवस उलटलेला. ते दिवस मनावर होते असं चँगने नंतर अनेकदा सांगितलं आहे. पहिले दोन सेट लेंडलने ६-४, ६-४ असे घेतले. पुढचे दोन चँगने. तोवर त्याच्या पायांत गोळे येऊ लागले होते. बाजू बदलताना तो बसत नव्हता, बसला तर उठता येणार नाही म्हणून. केळी खात होता, पाणी पीत होता आणि उंच, संथ चेंडू टाकून लेंडलची लय मोडत होता. त्या उंच चेंडूंवर मिळणाऱ्या वेळात तो श्वास घेत होता हे स्पष्ट दिसतं.

पाचव्या सेटमध्ये ४-३ अशी आघाडी, सर्व्हिस त्याचीच, गुण १५-३०. आणि त्याने हाताखालून सर्व्हिस केली. लेंडल दचकून पुढे आला, चेंडू परतवला आणि पुढच्याच फटक्याला गुण गेला. मॅच पॉइंटला चँग सर्व्हिस घ्यायला थेट पुढच्या चौकटीजवळ येऊन उभा राहिला आणि लेंडलने डबल फॉल्ट केला. चार तास ३७ मिनिटं. त्या हाताखालच्या सर्व्हिसला लोक चलाखी म्हणतात. मला ती तशी वाटत नाही. शरीरात जोर उरला नव्हता, मैदान सोडायचं नव्हतं; मग जे उरलं होतं ते त्याने वापरलं. अंतिम सामन्यात त्याने स्टीफन एडबर्गला पाच सेटमध्ये हरवलं आणि पुरुषांच्या एकेरीत ग्रँड स्लॅम जिंकणारा तो सर्वांत लहान खेळाडू ठरला.

ठशाबद्दल लिहायला हवं, कारण तो दुसऱ्या कुठल्याच ग्रँड स्लॅमच्या कोर्टवर असा राहत नाही. चेंडू रेषेजवळ पडला, वाद झाला, की चेअर अंपायर शिडी उतरून खाली येतो, वाकतो, ठसा शोधतो, बोटाने दाखवतो. शेकडो ठशांमधून तो एक ओळखायचा असतो. २०२५ मध्ये विम्बल्डननेही रेषेवरची माणसं हटवून कॅमेऱ्यांवर भार टाकला. पॅरिसने मात्र त्या वर्षीही माणसं ठेवली. टीव्हीवरचं चित्र एक सांगतं आणि मातीवरचा ठसा दुसरंच, असंही होतं, आणि मग खेळाडू फोन काढून ठशाचा फोटो घेतात. मी पॅरिसच्या बाजूचा आहे. चुकेल कदाचित, पण निवाडा देणारा माणूस तिथे खाली उतरून, दोन्ही खेळाडूंच्या देखत, त्या जागेपाशी उभा राहतो ह्याला किंमत आहे.

ह्याच ठशापायी १९९९ चा महिलांचा अंतिम सामना फिरला. अठरा वर्षांची मार्टिना हिंगिस स्टेफी ग्राफविरुद्ध एक सेट आणि २-० अशी पुढे होती. तिचा एक चेंडू बाहेर दिला गेला. तिला तो मान्य नव्हता. वाद घालता घालता ती नेट ओलांडून ग्राफच्या बाजूला गेली आणि ठसा दाखवू लागली. नियमाने ते चालत नाही. तिला गुणाचा दंड बसला. प्रेक्षक तिच्यावर उलटले ते शेवटपर्यंत. ग्राफने सामना ४-६, ७-५, ६-२ असा जिंकला. तिची ती बाविसावी आणि शेवटची ग्रँड स्लॅम. हिंगिस रडत आत गेली आणि तिच्या आईने तिला धरून बक्षीस समारंभासाठी बाहेर आणलं. त्या दुपारच्या हुर्योबद्दल मला आजही पॅरिसच्या प्रेक्षकांचा राग येतो. अठरा वर्षांच्या मुलीने उद्धटपणा केला, त्याचा दंड अंपायरने दिला होता. उरलेला दंड वसूल करायचं काम प्रेक्षकांचं नव्हतं. एकेरीत चारांतली ही एक ग्रँड स्लॅम तिला कधीच मिळाली नाही. पण २०१६ मध्ये, म्हणजे सतरा वर्षांनी, ती इथेच मिश्र दुहेरी जिंकली. जोडीला लिएंडर पेस होता आणि नेटच्या पलीकडे इव्हान डोडिगबरोबर सानिया मिर्झा. त्या दिवशी कोणाच्या बाजूने व्हावं हे मला ठरवता येत नव्हतं. शेवटी हिंगिसच्या बाजूने झालो.

आपल्या माणसांचं ह्या कोर्टशी नातं जुनं आहे. ग्रँड स्लॅमचं पहिलं विजेतेपद भारतीयाच्या नावावर लागलं ते इथेच: महेश भूपतीने १९९७ मध्ये जपानच्या रिका हिराकीबरोबर मिश्र दुहेरी जिंकली. दोन वर्षांनी पेस आणि भूपतीने पुरुष दुहेरी. मुंबईची सानिया, म्हणजे जन्माने मुंबईची, २०१२ मध्ये भूपतीबरोबर इथे जिंकली. एकेरीत मात्र ज्या दमाची ही माती मागणी करते तो दम आपण अजून मोठ्या वयाच्या खेळाडूत पाहिलेला नाही. मुलांच्या गटात रमेश कृष्णनने १९७९ मध्ये इथली स्पर्धा जिंकली होती, ह्याला आता किती वर्षं झाली!

त्याच १९९७ मध्ये ब्राझीलचा गुस्तावो कुएर्तेन जागतिक क्रमवारीत ६६ वा असताना येऊन विजेता झाला होता. २००१ मध्ये मायकेल रसेल नावाच्या पात्रता फेरीतून आलेल्या खेळाडूविरुद्ध तो दोन सेट मागे होता, तिसऱ्यात रसेलकडे मॅच पॉइंट होता. तिथून तो जिंकला, आणि सामना संपल्यावर रॅकेटच्या कडेने मातीत मोठं बदाम रेखून गुडघ्यांवर बसला. ती स्पर्धा जिंकल्यावर त्याने पुन्हा बदाम काढलं आणि त्यात आडवा झाला. हे गवतावर करता येणार नाही, सिमेंटवर तर नाहीच.

ज्याचं नाव ह्या जागेला आहे तो रोलाँ गारोस टेनिसपटू नव्हता. हिंदी महासागरातल्या रेयुनियों बेटावर १८८८ मध्ये जन्मलेला तो वैमानिक. २३ सप्टेंबर १९१३ रोजी त्याने एकट्याने भूमध्य समुद्र ओलांडला, फ्रान्समधल्या फ्रेजुसपासून ट्युनिशियातल्या बिझर्टपर्यंत, न थांबता, जवळजवळ आठ तास. उतरला तेव्हा टाकीत नावापुरतं इंधन होतं. पहिल्या महायुद्धात शत्रूच्या हाती सापडला, जवळपास तीन वर्षं कैदेत काढून निसटला, पुन्हा विमानात बसला आणि ५ ऑक्टोबर १९१८ रोजी, तिसाव्या वाढदिवसाच्या आदल्या दिवशी, मारला गेला. १९२७ मध्ये लाकोस्त, कोशे, बोरोत्रा आणि ब्रुन्यों ह्या चौघांनी अमेरिकेत जाऊन डेव्हिस कप आणला. तो राखायला पॅरिसला मोठं स्टेडियम हवं होतं. स्ताद फ्राँसे क्लबने पोर्त द'ओतॉयजवळची जमीन दिली. क्लबचा प्रमुख एमिल लेसिएर गारोसचा मित्र होता. स्टेडियमला गारोसचं नाव द्यायचं ही लेसिएरची अट होती. विजय सर्वांत चिवट माणसाचा, अशा अर्थाचं वाक्य आज मुख्य कोर्टच्या सज्जावर मोठ्या अक्षरांत आहे, आणि ते गारोसशी जोडलं जातं. आठ तास खाली पाणी बघत बसलेल्या माणसाला ते शोभतं. ह्याच स्टेडियममध्ये १९३९ मध्ये फ्रान्सच्या सरकारने परदेशी माणसांना डांबलं होतं; लेखक आर्थर कोस्लर त्यांतला एक. स्पर्धेच्या गोड इतिहासात हे पान सहसा कोणी उघडत नाही.

राफाएल नदालबद्दल इतकं लिहून झालं आहे की मी थोडक्यात आटोपतो. चौदा विजेतेपदं, ११६ सामन्यांत चार पराभव. ह्या आकड्यांपुढे बोलती बंद होते आणि तिथेच ते आकडे घात करतात, कारण त्यामागचं काम दिसेनासं होतं. मी त्याचे पाय बघायचो. सर्व्हिसआधी तो बुटाने बेसलाइन झाडायचा. गुण संपला की रेषेवर पाय न पडू देता जायचा. आणि पहिल्या फेरीत कोणी अनोळखी खेळाडू समोर असो की अंतिम सामन्यात जोकोविच, प्रत्येक चेंडूमागे त्याच ओढीने धावायचा. २०२५ च्या स्पर्धेच्या पहिल्या दिवशी त्याला निरोप दिला गेला. फेडरर, जोकोविच, मरे तिघेही आले होते. मुख्य कोर्टच्या कडेला त्याच्या पावलाच्या ठशाची पाटी कायमची बसवली गेली. जिथले ठसे दर सेटनंतर झाडले जातात तिथे हा एक ठेवला, ह्याने मला भरून आलं.

त्याच स्पर्धेचा अंतिम सामना ८ जूनला झाला. पाऊस त्या वर्षी मे महिन्यातच येऊन बसला होता. आपल्याकडे साडेसहानंतर सामना सुरू झाला आणि संपला तेव्हा मध्यरात्र उलटली होती: पाच तास २९ मिनिटं, ह्या स्पर्धेतला सर्वांत लांबलेला अंतिम सामना. यानिक सिनरने पहिले दोन सेट घेतले. चौथ्यात तो ५-३ असा पुढे, सर्व्हिस कार्लोस अल्काराझची, आणि गुण ०-४०. विजेतेपदापासून एक गुण दूर, आणि तो एक गुण मिळवायला तीन संधी. घरात सगळ्यांनी झोपायची तयारी केली होती. अल्काराझने तिन्ही वाचवले. पुढच्या गेममध्ये सिनरने विजयासाठी सर्व्हिस केली आणि ती गमावली. टायब्रेक, मग पाचवा सेट.

ह्या सामन्याचं वर्णन करताना लोक इथपर्यंत येऊन थांबतात आणि अल्काराझचं कौतुक सुरू करतात. मला पुढचा भाग जास्त महत्त्वाचा वाटतो. पाचव्या सेटमध्ये अल्काराझ ५-४ असा विजयासाठी सर्व्हिस करत होता. सिनरने तासाभरापूर्वी हातातोंडाशी आलेलं गमावलं होतं, पाय जड झाले होते, आणि तरी त्याने ती सर्व्हिस तोडली. कोपऱ्यातून घसरत जाऊन परतवलेले चेंडू, ज्यांना मघाशी अल्काराझ पोचत होता, त्यांना आता तो पोचत होता. जो वेळ एकाला मिळाला तोच दुसऱ्यालाही मिळाला, आणि सहा-सहा होईपर्यंत दोघांनी तो वापरला. दहा गुणांचा शेवटचा टायब्रेक अल्काराझने १०-२ असा घेतला.